एक माणूस, एक पाटी

फार फार मागे, म्हणजे नेमकं किती मागे ते मला विचारू नका, कारण ते मोजणारे कधीच मातीत गेले, एका उंच घाटाच्या माथ्यावर एक राज्य होतं. लहानांनो, पुढे सरका. थोरांनो, तुम्हीही कान द्या, कारण या गोष्टीत चूक थोरांचीच आहे.

त्या राज्यात हवा चांगली, पाणी चांगलं, पण जमिनीत धड काही पिकत नव्हतं. कापूस खालून आणायचा, मीठ खालून आणायचं, लोखंडाचा दगडही खालूनच आणायचा. घाट असा उभा, की गाडी चढत नसे. मध्यावर एक खिंड होती. तिच्यातून माणूस डोक्यावर पाटी घेऊन जेमतेम पार व्हायचा. म्हणून निम्मं गाव रोज पहाटे रिकाम्या हाताने घाट उतरायचं आणि डोक्यावर पाटी घेऊन पुन्हा चढायचं.

आताच्या राजाच्या पणजोबांनी एक कायदा करून ठेवला होता. त्यांनी दगडाचा एक साचा घडवून घेतला आणि हुकूम सोडला, की राज्यातली प्रत्येक पाटी याच साच्यावर विणायची. बोटभर मोठी नाही, बोटभर लहान नाही. प्रत्येक पाटीच्या काठाला राजाची मोहोर असायची. आणि वेशीवर मोठ्या अक्षरांत कोरलेलं होतं: 'एक माणूस, एक पाटी.'

लोकांना त्या ओळीचा केवढा अभिमान! पाहुणा आला की त्याला आधी वेशीवर न्यायचे आणि सांगायचे, "वाचा! आमच्याकडे लहान-मोठा भेद नाही. सगळ्यांची पाटी सारखी." पाहुणा मान डोलवायचा. पाहुण्याचं काय जातं?

आता यातली खरी मेख ऐका. कोणी काय वाहायचं ते आळीवरून ठरलेलं होतं. कापूसआळीने कापूस, मीठआळीने मीठ, लोखंडआळीने लोखंडाचा दगड. बापाने जे वाहिलं तेच लेकाने वाहायचं. आणि दुसऱ्या आळीच्या पाटीला हात लावायचा नाही, अशी रीत होती. का, तर पाट्या सगळ्या सारख्याच, मग दुसऱ्याची उचलून बघायचं कारणच काय? कुणा शहाण्याने हे एकदा सांगितलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. शंभर वर्षं कुणी कुणाची पाटी उचलली नाही.

कापूसआळीचे लोक गाणी म्हणत घाट चढायचे आणि ऊन तापायच्या आत वेशीत हजर व्हायचे. मग देवळाच्या पायऱ्यांवर बसून पान जमवायचे. मीठआळीचे धापा टाकत यायचे, पण वेळेत यायचे. लोखंडआळीचे मात्र सगळ्यांत शेवटी, वाकलेले, गुडघ्यांवर हात टेकत यायचे. पायरीवरून कुणीतरी म्हणायचंच, "आले बघा आळशी! पाटी तेवढीच, पण कण्हणं केवढं!"

वेशीवर नाकेदार बसायचा. तो लाच खात नव्हता, खोटं बोलत नव्हता. कायदा त्याला तोंडपाठ होता आणि कायद्याच्या पलीकडे बघायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती. मला विचाराल तर असली माणसं चोरांपेक्षा अवघड. चोराला निदान ठाऊक असतं की आपण चोरी करतोय.

दुपारची घंटा झाली आणि पाटी वेशीत आलेली नसली, की नाकेदार त्या माणसाला उशिराच्या दगडावर उभं करायचा. तो दगड वेशीच्या अगदी तोंडाशी होता. त्यावर दोन्ही हातांनी कान धरून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं, येणारे-जाणारे हसणार ते ऐकायचं. आणि एका घराला तीनदा उशीर झाला, तर त्या घरावर आणखी एक पाटी चढायची. आणखी एक पाटी म्हणजे आणखी एक डोकं.

लोखंडआळीत बहिरू नावाचा एक गडी होता. त्याची बायको हौसा आणि लेक गजरा. बहिरूने वीस वर्षं लोखंडाची पाटी वाहिली. एके दिवशी खिंडीच्या तोंडाशी त्याच्या पाठीतून कट्‌ असा आवाज आला आणि तो खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. चौघांनी त्याला खाटेवर घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी नाकेदार दारात आला आणि म्हणाला, "वाईट झालं. पण पाटी जमिनीवर राहता कामा नये. कोण उचलणार?"

हौसाने पदर खोचला. डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाटी ठेवली, आणि दोन वर्षं ती घाट चढली. पण दुसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि तापातच तिला तीनदा उशीर झाला. तीनदा ती दगडावर कान धरून उभी राहिली. तिसऱ्या संध्याकाळी नाकेदार म्हणाला, "हौसे, तुझ्या घरावर दुसरी पाटी चढली. पोरगी केवढी आहे तुझी?"

"तेरा," हौसा म्हणाली.

"मग झालं की! परवा खाली तळावर तिची पाटी बांधू. हळदी-कुंकू घेऊन ये."

हौसाने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. बहिरू म्हणाला, "अगं, माझी पाठ मोडली तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. ती तेराची आहे." एवढं बोलून त्याने तोंड भिंतीकडे केलं. हौसाला कळलं की तो रडतोय, आणि ती चुलीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना ती मध्यावरच्या विसाव्याच्या दगडापाशी थांबली. तिथे एक गाढववाला आपल्या म्हाताऱ्या गाढवावर लोखंडाचा दगड लादत होता. राज्यात दोन-चार गाढवंही खिंडीच्या अलीकडे माल वाहायची. गाढववाल्याजवळ तराजू होता. एका पारड्यात वजनं टाकून दुसऱ्यात तो दगड तोलत होता. दोन मण भरल्यावर तो थांबला. गोणीत अजून पुष्कळ जागा होती, तरी त्याने एक खडासुद्धा वर टाकला नाही. मग तो ओढ्यावर पाणी प्यायला गेला.

"काय बघतेस?" गाढव म्हणालं. हो, बोललं. तेव्हा गाढवं बोलायची. आता बोलत नाहीत, कारण आपण ऐकत नाही.

"तुझी गोणी भरलेली नाही," हौसा म्हणाली.

"गोणी कोण वाहतंय? मी ओझं वाहतो. काल कापूस होता. गोण्यांवर गोण्या चढल्या, माझं शेपूटसुद्धा दिसेना, तरी दोन मण भरलेच नाहीत. आज दगड आहे. अर्ध्या गोणीत दोन मण झाले."

"आम्हाला कुणी तोलून देत नाही. आम्हाला पाटी काठोकाठ भरून देतात."

"मला का तोलून देतात, ठाऊक आहे?" गाढवाने कान हलवला. "पूर्वी मलाही गोणी भरूनच द्यायचे. एकदा दगड जास्त झाला, मी बसलो. मारलं, तरी बसलो. शेपूट पिळलं, तरी बसलो. चौथ्या दिवशी हा बाबा तराजू घेऊन आला."

हौसाने आपल्या काठोकाठ भरलेल्या पाटीकडे पाहिलं. गाढव पुन्हा म्हणालं, "मला लोक मूर्ख म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही बसत नाही, म्हणून तुम्हाला तराजू नाही."

तिसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी तळावर सगळ्या आळ्या जमल्या. नवी पाटी बांधायची म्हणजे तिथे सोहळाच असायचा. नाकेदार आपल्या तट्टावरून खाली उतरला होता. लोखंडाच्या दगडांनी काठोकाठ भरलेली नवी कोरी पाटी मध्ये ठेवलेली होती. गजरा न्हाऊन नवं लुगडं नेसली होती, आणि ती पाटीकडे बघतच नव्हती. नाकेदाराने पाटीला हळदी-कुंकू लावलं आणि ठरलेले शब्द म्हटले: "एक माणूस, एक पाटी. सगळ्यांना सारखी."

दोघांनी पाटी उचलून गजराच्या डोक्यावर ठेवली. पोरीची मान एकदम खाली गेली. ती ओठ दाबून उभी राहिली, पण डोळ्यांतून पाणी आलंच. एवढंसं तोंड करून ती म्हणाली, "आये..."

बस्स! हौसा पुढे झाली. तिने लेकीच्या डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी धरून धाडकन खाली ठेवली आणि पाटीवर स्वतः बसली.

"हे काय?" नाकेदार ओरडला.

"बसले," हौसा म्हणाली.

"ऊठ!"

"नाही उठत. ही पाटी आधी तोला. शेजारी कापसाची पाटी ठेवा, तीही तोला. मग बोलू."

लोक हसायला लागले. कापूसआळीची सुंदरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगोबाई! पाटी तोलायची? डोळे फुटलेत का तुझे? माझी बघ, तुझी बघ. तोच साचा, तीच मोहोर."

"साचा तोच आहे, सुंदराबाई. पाटीत किती मावतं ते साचा सांगतो. किती भार होतो ते साचा सांगत नाही. तू माझी पाटी उचलून बघ."

"शी! रीत मोडू होय?"

नाकेदार दोन पावलं पुढे आला. त्याने अगदी समजावणीच्या सुरात सांगितलं, "हौसे, कायदा सगळ्यांना सारखा आहे. तुला एक पाटी, हिला एक पाटी. यात अन्याय कुठे आला, दाखव बरं?"

"माझ्या घरी खाटेवर पडलाय," हौसा म्हणाली. "जाऊन बघा."

नाकेदाराचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "राज्याबाहेर काढीन!"

"काढा की. मग लोखंड कोण आणणार? तुम्ही? या, उचला, मी बाजूला होते."

नाकेदाराने पाटीकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात मागून धप्प असा आवाज झाला. लोखंडआळीच्या एका म्हाताऱ्याने आपली पाटी खाली ठेवली होती आणि तो तिच्यावर बसला होता. मग आणखी एक धप्प झालं, मग आणखी एक. थोड्याच वेळात सगळी लोखंडआळी आपापल्या पाट्यांवर बसली. गजराही आईच्या शेजारी बसली. पाटी लहान होती, पण दोघींपुरती जागा झाली.

पाच दिवस ते लोक तिथे हिरड्याच्या झाडांखाली बसून राहिले. ओढ्याचं पाणी प्यायचे, घरून आलेल्या भाकरी वाटून खायचे. नाकेदाराने आधी धमक्या दिल्या, मग गूळ लावून पाहिला. "हौसे, तुझ्या पोरीची पाटी माफ करतो, तू तेवढी ऊठ." हे ऐकून हौसाचं काळीज हललं, खोटं कशाला सांगू? तिला तेच तर हवं होतं. तिने गजराकडे पाहिलं. गजरा म्हणाली, "आये, पारूच्या घरावर पुढच्या महिन्यात चढायचीय. ती बारा वर्षांची आहे." पारू तिची मैत्रीण, चार पाट्या सोडून बसली होती. हौसा नाकेदाराला म्हणाली, "एकीची नको. तराजू आणा."

वर राजधानीत लोहारांच्या भट्ट्या थंड झाल्या. नांगराला फाळ मिळेना, विहिरीच्या रहाटाला कडी मिळेना. सहाव्या दिवशी राजाच्या घोड्याचा नाल निघाला आणि नवा नाल कुठे शोधून सापडेना. तेव्हा राजाच्या कानावर सगळी हकीकत गेली. घोडा लंगडत होता, म्हणून राजा पायीच घाट उतरला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते उगाच नाही.

राजा तरुण होता. मनाने वाईट नव्हता, पण निकाल द्यायची त्याला फार घाई. आल्या आल्या म्हणाला, "कोण हौसा?"

"मी," हौसा म्हणाली, पण उठली नाही. "महाराज, तुम्ही आलात, माझा मुजरा घ्या. पण मी उठले तर ही पाटी पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर जाईल, म्हणून बसूनच बोलते. तुमच्या पणजोबांनी पाटी सारखी केली. आता तुम्ही दोन पाट्या उचलून बघा."

राजा हसला. त्याने सुंदराची कापसाची पाटी एका हाताने उचलली. "एवढंच?" तो म्हणाला. सुंदराची मान ताठ झाली. मग हौसा बाजूला झाली आणि राजाने दुसरा हात लोखंडाच्या पाटीला घातला. पाटी हलली नाही. त्याने दोन्ही हात घातले. पाटी गुडघ्यापर्यंत आली आणि राजाचं तोंड लालबुंद झालं. त्याने ती खाली ठेवली आणि आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"तराजू आणा," तो म्हणाला.

गाढववाल्याने तराजू झाडाच्या फांदीला टांगला. कापसाची पाटी भरली दोन शेर. लोखंडाच्या दगडाची भरली चाळीस शेर. गाढववाल्याने पुन्हा तोललं. पुन्हा दोन आणि चाळीस. सुंदरा म्हणाली, "अगं बाई!" आणि तिने तोंडाला पदर लावला.

पण सांगितलं ना, राजाला घाई फार. त्याने तिथल्या तिथे हात वर केला: "पाटीचा कायदा आजपासून रद्द! यापुढे वजन. प्रत्येकाने चाळीस शेर वाहायचे. झाला न्याय!"

लोखंडआळीतले काही जण टाळ्या वाजवायला लागले. "आता कळेल गाणी म्हणणाऱ्यांना!" कुणीतरी ओरडलं. हौसाने टाळ्या वाजवल्या नाहीत.

चाळीस शेर कापूस म्हणजे वीस पाट्या. सुंदराच्या डोक्यावर झोपडीएवढं गाठोडं चढलं. खाली फक्त तिचे पाय दिसत होते. समोरचं दिसत नव्हतं, वाऱ्याने गाठोडं इकडे फिरत होतं, तिकडे फिरत होतं. कशीबशी ती खिंडीपर्यंत पोचली, मागोमाग सगळे होतेच, आणि खिंडीच्या तोंडात अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. वारा सुटला तसं गाठोडं तिला दरीकडे ओढायला लागलं. सुंदरा किंचाळली, "मेले गं आई!"

सगळ्यांत पुढे धावली ती हौसा. तिने सुंदराची कंबर धरली, दात-ओठ खाऊन तिला मागे ओढलं आणि कमरेच्या विळ्याने गाठोड्याची दोरी कापली. कापूस दरीभर उडाला. सुंदरा तिच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. सहा दिवसांपूर्वी हीच बाई तिला डोळे फुटलेत का म्हणत होती. हौसाच्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण तिने ते गिळलं.

सगळे तिला घेऊन तळावर परतले. नाकेदार मात्र खुलला. "बघितलंत, महाराज? पाटी सारखी केली तर ही रडते, वजन सारखं केलं तर ती रडते. लोक रडणारच. त्यापेक्षा जुना कायदा काय वाईट होता?"

आता हौसा भडकली. इतके दिवस ती शांत बसली होती, पण हे ऐकून तिचं डोकं फिरलं. "लोक रडतात म्हणून मोजायचंच नाही, होय? नाकेदार, तुम्ही आयुष्यभर एकच प्रश्न विचारलात: जागा किती? महाराजांनी आज एकच विचारला: वजन किती? दोन्ही प्रश्न एकदम विचारायला कुणी हात धरले होते तुमचे?"

"दोन्ही एकदम कसे विचारायचे?" राजा म्हणाला. यावेळी त्याने घाई केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

हौसा जमिनीवर बसली. शेजारी राजाही बसला. तिने काटकीने मातीत रेघा ओढल्या. "एक पाटी ही जागा. तिच्यात दगड भरला, झाले चाळीस शेर. मीठ तोला बघू." मीठ तोललं, ते भरलं वीस शेर. "कापूस दोन. हे झाले तीन आकडे. पाटीमागे किती शेर, एवढंच हा आकडा सांगतो. ही त्या त्या मालाची दाटी."

शाळेत जाणाऱ्या पोरांनो, तुमचे गुरुजी यालाच घनता म्हणतात. वजनाला जागेने भागायचं, की आली. हौसा शाळेत गेली नव्हती, तिच्या मानेला हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

नाकेदार खोचकपणे म्हणाला, "आणि पाटी अर्धीच भरली तर? मग दाटीही अर्धी होणार, नाही का?"

"तोलून बघा."

गाढववाल्याने अर्धी पाटी दगड तोलला. वीस शेर भरले. "अर्ध्या पाटीत वीस," हौसा म्हणाली, "म्हणजे पुऱ्या पाटीला किती?"

नाकेदाराचे ओठ हलले. "चाळीस," तो हळूच म्हणाला.

"पाव पाटीत दहा भरतील. तरी पाटीमागे चाळीसच. थोडं घ्या, जास्त घ्या, दगड आपली दाटी सोडत नाही. तीच धरून ओझं ठरवा. एका डोक्यावर बारा शेरांहून जास्त भार नको, आणि खिंडीतून जाताना तीन पाट्यांहून मोठं गाठोडं नको. ज्याची हद्द आधी येईल तिथे थांबायचं. कापसाच्या तीन पाट्यांचे सहाच शेर होतात, पण जागा संपली, थांबा. मीठ अर्ध्या पाटीहून थोडं जास्त, की बारा शेर झाले, थांबा. दगड पाटीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचणार नाही, तेवढ्यात बारा शेर भरतात. पाटी रिकामी दिसेल. दिसू द्या. आणि आळ्यांनी माल पाळीपाळीने बदलायचा. आज मी दगड, उद्या सुंदरा दगड. तोवर कुणाला कुणाची पाठ कळायची नाही."

राजाने सुंदराकडे पाहिलं. सुंदरा डोळे पुसत म्हणाली, "उचलीन मी. एक दिवसाआड उचलीन."

"तेरा वर्षांच्या पोरींनी?" राजाने विचारलं.

"पोरींनी काहीच नाही," हौसा म्हणाली. राजाने मान हलवली आणि कायदा तिथेच झाला.

मग राजा म्हणाला, "हौसा, तू राज्याचे डोळे उघडलेस. माग, काय हवं ते माग."

सगळ्यांना वाटलं, ती आता जमीन मागेल, घर मागेल. हौसा उभी राहिली. राजाच्या डोळ्याला डोळा भिडवून ती म्हणाली, "महाराज, ही गजरासाठी भरलेली पाटी इथे पडलीय. कायद्याने भरली होती, काठोकाठ. ती तुम्ही उद्या सकाळी आपल्या डोक्यावर घ्यायची आणि वेशीपर्यंत न्यायची. वाटेत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझा नवरा तिथे खाटेवर असेल. एवढंच मागते."

"जीभ आवर!" नाकेदार ओरडला.

"नको," राजा म्हणाला. "तिने मागितलंय ते देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने चुंबळ डोक्यावर ठेवली. लोकांनी पाटी चढवली. तो निघाला. पहिल्या वळणावर त्याने पागोटं काढून टाकलं. दुसऱ्या वळणावर पायातले जोडे टाकले. विसाव्याच्या दगडावर त्याने चार वेळा पाटी टेकवली आणि चार वेळा उचलली. म्हातारं गाढव तिथेच चरत होतं. त्याने राजाकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

खिंडीत राजाने कड्याला हात लावून वाट काढली. मान आखडली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर वेशीवर लोखंडआळीने बहिरूची खाट आणून ठेवली होती. सगळी राजधानी तिथे लोटली होती. सूर्य माथ्यावर आला आणि दुपारची घंटा वाजली. राजा अजून वळणाच्या खालीच होता.

तो आला तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. त्याने पाटी बहिरूच्या खाटेपाशी ठेवली आणि तो तिथेच जमिनीवर बसला. बहिरूने पडल्या पडल्या हात जोडले. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याने फक्त खरं ते सांगितलं.

"महाराज, घंटा होऊन गेली."

कुणी हसलं नाही. राजाने त्याच्याकडे पाहिलं, मग वेशीच्या तोंडाशी असलेल्या दगडाकडे पाहिलं. तो उठला, उशिराच्या दगडावर चढला, आणि त्याने दोन्ही हातांनी आपले कान धरले. संध्याकाळपर्यंत तो तसाच उभा राहिला. सूर्य मावळायच्या जरा आधी नाकेदार आपल्या जागेवरून उठला आणि कुणी न सांगता त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पुढे वेशीवरची ती जुनी ओळ राजाने पुसायला सांगितली. पण हौसा म्हणाली, पुसू नका, खाली आणखी दोन शब्द कोरा. ते कोरले: 'आधी तोला.' गजराने कधी भरली पाटी वाहिली नाही. सुंदराने वाहिली दगडाची पाळी, कुरकुरत वाहिली, आणि पुन्हा कुणाला आळशी म्हटलं नाही. बहिरूची पाठ मात्र नीट झाली नाही. राजाने वैद्य पाठवले, लेप पाठवले, स्वतः चार वेळा येऊन गेला. मोडलेली पाठ माफीने सरळ होत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणून तर मोजायचं ते पाठ मोडायच्या आधी मोजायचं.

तात्पर्य: पाटी सारखी म्हणजे ओझं सारखं नव्हे, म्हणून जागा आणि वजन दोन्ही विचारा, आणि कुणी विचारू देत नसेल तर खुशाल पाटीवर बसा.